थंडीच्या लाटेमागून वल्हं: फ्लोरिडाच्या हिवाळ्यात कयाक आणि वन्यजीव

शिकागो, टोरंटो, न्यू जर्सी इथला बर्फ टाळून जानेवारी-फेब्रुवारी फ्लोरिडात काढायची रीत उत्तर अमेरिकेत जुनी आहे. अशा माणसांना तिथे ‘स्नोबर्ड’ म्हणतात, आणि त्यांत आता मराठी मंडळीही आहेत. कुणी निवृत्तीनंतर तीन महिने घर भाड्याने घेतं, कुणी भारतातून आलेल्या आईबाबांना घेऊन आठवडाभर जातं. कधीतरी कयाकमध्ये, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद होडीत बसून मॅनेटी (समुद्रगाईची नातेवाईक), अ‍ॅलिगेटर, पक्षी बघायचे असतात. मग शनिवार ठरतो, बुकिंग होतं, आणि नेमका त्याच दिवशी वारा सुटतो किंवा झऱ्यात एकही मॅनेटी नसते.

इथल्या हिवाळ्यात पाण्यावर काय दिसणार हे तारखेवर नसतं, थंडीच्या लाटेवर असतं. लाट कधी येऊन गेली, आता वारा कुठून आहे, एवढं पाहून जागा निवडली तर नवशिक्यालाही भरपूर दिसतं. आधी जागा ठरवली आणि मग हवा बघितली, तर जाणकारही हात हलवत परत येतो.

लाटेचं गणित

डिसेंबर ते मार्च या काळात साधारण दर पाच ते दहा दिवसांनी उत्तरेकडून थंड हवेची आघाडी फ्लोरिडावरून सरकते. ती येण्याच्या आदल्या दिवशी वारा दक्षिण-नैर्ऋत्येकडून असतो, हवा दमट आणि उबदार. मग पावसाचा एक पट्टा जातो, वारा झटकन वायव्येला फिरतो आणि जोर धरतो. पुढचे एक-दोन दिवस आकाश निरभ्र, हवा कोरडी, पहाटेचं तापमान पार खाली. त्यानंतर वारा ईशान्येला, पूर्वेला वळत मंदावतो आणि ऊब परत येते.

आघाडी ओलांडते त्या दिवशी पाण्यात उतरू नये, एवढा नियम पाळा. त्यानंतरचे दोन दिवस झऱ्यांचे. झरे झाडीत असतात, वारा लागत नाही, आणि मॅनेटी तिथेच गोळा झालेल्या असतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वारा पडला की एव्हरग्लेड्स, म्हणजे दक्षिणेतला दलदलीचा प्रदेश, आणि उघड्या खाड्या. थंडीने गारठलेले अ‍ॅलिगेटर तेव्हा उन्हात काठावर येऊन पडतात आणि पक्षी उथळ पाण्यात चरतात. पुढची आघाडी येण्याच्या आदल्या दिवशी एखादी आतली नदी धरावी, तीही सकाळी लवकर.

हवामान खात्याच्या अंदाजात तापमानापेक्षा वारा आधी बघा. ताशी 10 मैलांपर्यंत कुणालाही जमतं. 10 ते 15 मध्ये उघडं पाणी टाळून झाडीतला प्रवाह निवडा. 15 च्या वर नवशिक्याने घरी पोहे करावेत. झोताचा आकडा वेगळा दिलेला असतो, निर्णय त्याच्यावर घ्यायचा, सरासरीवर नाही.

आणखी एक गोष्ट कोष्टकात सापडत नाही. आघाडीमागचा जोरदार उत्तरेचा-ईशान्येचा वारा मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावरचं पाणी समुद्राकडे ढकलतो. भरती-ओहोटीच्या कोष्टकात पुरेसं पाणी दिसतं, प्रत्यक्षात चिखल उघडा पडलेला असतो. अशा दिवशी ओहोटीच्या वेळी उथळ खाडीत शिरलात तर पुढची भरती येईपर्यंत तिथेच बसायची तयारी ठेवा. त्या चिखलात उतरून कयाक ओढणं हा पर्याय नव्हे, पाय मांडीपर्यंत जातो आणि शिंपल्यांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात.

कोकणातल्या माणसाला तिथीवरून भरतीची वेळ काढायची सवय असते. इथे त्यावर विसंबू नका. या किनाऱ्यावर दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात. एक मोठी, एक किरकोळ, आणि वेळाही आपल्या हिशेबात बसत नाहीत. अमेरिकेच्या ‘नोआ’ या सरकारी समुद्र-हवामान संस्थेचं कोष्टक फुकट मिळतं, त्या जागेचं तेच वापरा.

होडी: विकत की भाड्याने

हंगामात पाच-सहापेक्षा कमी फेऱ्या होणार असतील तर भाड्यानेच घ्या. अर्ध्या दिवसाला साधारण 40 ते 60 डॉलर पडतात आणि बहुतेक ठिकाणी पाण्याच्या कडेलाच मिळते.

‘सिट-ऑन-टॉप’ म्हणजे वर बसायची कयाक मागा. हिच्यात आत पाय अडकत नाहीत, आत आलेलं पाणी तळातल्या भोकांतून आपोआप निघून जातं, आणि उलटली तरी परत चढता येतं. लांबी 10 ते 12 फूट, रुंदी 30 इंचांच्या आसपास. याहून आखूड होडी दर वल्ह्याला डावी-उजवीकडे डोलत राहते. याहून लांब होडी खारफुटीच्या वळणांत अडकते. आत बसायच्या कयाकमध्ये कोरडं आणि उबदार राहता येतं हे खरं, पण ती उलटली की आतलं पाणी उपसल्याशिवाय काही करता येत नाही. पहिल्या हंगामात नकोच.

दोघांची कयाक घेताना वजनमर्यादा विचारा. छापील मर्यादेच्या सत्तर टक्क्यांच्या आत माणसं, सामान, पाणी सगळं मिळून बसलं पाहिजे. त्याहून जास्त झालं की भोकांतून पाणी बाहेर जाण्याऐवजी आत येतं आणि तीन तास ओल्यात बसावं लागतं. नवराबायको दोघांची होडी घेत असतील तर ताकदीचा मागे आणि ताल धरणारा पुढे. मागच्याने पुढच्याच्या वल्ह्याकडे बघून वल्हवायचं. उलट केलं की वल्ह्यांवर वल्ही आपटतात. तिथल्या घाटांवर दोघांच्या कयाकला ‘घटस्फोटाची होडी’ म्हणायची थट्टा आहे, ती याच कारणाने.

वल्ह्याची लांबी अशा रुंद होडीसाठी 230 ते 240 सेंटिमीटर. दुकानातला माणूस 220 चं देऊ लागला तर बदलून घ्या, नाहीतर होडीच्या कडेवर बोटं घासतात.

स्वतःची कयाक गाडीच्या टपावरून नेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. पट्टे साध्या बकलचे वापरा, रॅचेटचे नकोत. रॅचेट जोरात आवळला की प्लॅस्टिकचा तळ चेपतो आणि उन्हात तसाच राहतो. पट्ट्याला एक पीळ द्या म्हणजे हमरस्त्यावर तो घुमत नाही. लांबच्या प्रवासात पुढच्या टोकाला दोरी बांधणं टाळू नका.

अंगावर काय, पिशवीत काय

लाइफ जॅकेट प्रत्येकासाठी होडीत असणं कायद्याने बंधनकारक आहे आणि सहा वर्षांखालच्या मुलांच्या अंगावर ते असावंच लागतं. मोठ्यांनी ते पायाशी ठेवलं तरी कायदा काही म्हणत नाही. तरी घाला. पट्टे आवळून झाल्यावर कुणाला तरी खांद्यांवरून वर खेचायला सांगा. ते हनुवटीपर्यंत आलं तर पाण्यात डोक्यावरून निघून जाईल. शिट्टीही कायद्याने लागते, ती जॅकेटलाच बांधा. अंधारात असाल तर पांढरा दिवा हवा. जानेवारीत सूर्य सहाच्या आसपास मावळतो, तेव्हा चारला परतीला लागा.

कपडे हवेच्या नव्हे, पाण्याच्या तापमानाचे घाला. हवा 75 अंश फॅरनहाइट असली तरी आघाडीनंतर आखाताचं पाणी 60 च्या घरात, म्हणजे 16 ते 20 सेल्सिअस असू शकतं. अशा पाण्यात पडल्यावर हात पटकन बधीर होतात. सुती कपडे नकोत, भिजले की वाळत नाहीत आणि वाऱ्याने अंग काकडतं. लवकर वाळणारा पूर्ण बाह्यांचा शर्ट, वर पातळ वारारोधक जाकीट, आणि पिशवीत कोरड्या कपड्यांचा एक जोड. पूर्ण बाह्या असल्या की सनस्क्रीनही कमी लागतं. ते झऱ्याच्या पाण्यात जेवढं कमी जाईल तेवढं बरं.

पायात मागे पट्टा असलेल्या सँडल. चप्पल चिखल खातो. डोळ्यांवर पोलराइज्ड चष्मा, हा मात्र चैनीचा नाही. त्याच्याशिवाय पाण्यावरची चकाकी भेदून खाली बघता येत नाही आणि हाताखालून गेलेली मॅनेटीही दिसत नाही.

पाणी माणशी दोन-तीन लिटर. खायला दशम्या, धपाटे, सुकामेवा, म्हणजे सांडणार नाही आणि तेलकट हातांनी वल्हं निसटणार नाही असं. पाणी आत न जाणाऱ्या पिशव्या दोन: एकीत कपडे आणि औषधं, दुसरीत गाडीची किल्ली आणि फोन. किल्ली इलेक्ट्रॉनिक असेल तर तिला आणखी एका झिप पिशवीत घाला. दुर्बीण 8 × 42 ची. 10 पट मोठं दाखवणारी दुर्बीण होडीच्या हलण्याने नुसती थरथरते.

चिलटांसारखे ‘नो-सी-अम’ पहाटे आणि संध्याकाळी खारफुटीत वारा पडला की चावतात. साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून ते आत येतात. डीट किंवा पिकारिडिनचं औषध लावा. एव्हरग्लेड्सच्या दक्षिण टोकाला फ्लेमिंगो नावाच्या ठिकाणाजवळ डास भर हिवाळ्यातही असतात.

उतरणं, वल्हवणं, पडणं

चढताना बहुतेक लोक काठावर उभं राहून एक पाय होडीत टाकतात, आणि तिथेच पडतात. होडी गुडघाभर पाण्यात न्या, तिच्या कडेला पाठ करून उभे राहा, आधी बसका आत, मग दोन्ही पाय उचलून आत. गुडघेदुखी असलेल्यांनाही ही पद्धत झेपते. उतरताना हेच उलटं.

वल्हं खांद्यांपेक्षा थोडं रुंद धरा, पात्याचा आतला खोलगट भाग स्वतःकडे. ओढायचं ते दंडाने नाही. पात्याचं टोक पायाच्या बोटांजवळ पाण्यात घाला, कमरेतून वळा, आणि पातं नितंबाशी आलं की बाहेर काढा. त्यापुढे ओढत नेलं की होडी फक्त वळते, पुढे जात नाही. वळायचं असेल तेव्हा मात्र मुद्दाम पुढून मागे मोठं अर्धवर्तुळ काढा. थांबायला दोन्ही बाजूंना आलटूनपालटून उलटं वल्हं मारा. मुठी घट्ट आवळू नका. अर्ध्या तासात मनगट भरून येण्याचं कारण बहुधा तेच असतं.

पहिल्या दिवशीच, उबदार आणि कमरेइतक्या पाण्यात, मुद्दाम एकदा उलटून बघा. परत चढायची रीत अशी: उलटी होडी सरळ करा, मधोमध बाजूला या, दोन्ही कडा पकडा, पाय पाण्यावर लाथा मारत आडवे आणा, आणि पोटावर होडीत सरका. पोट पलीकडे पोचलं की वळून बसका टेकवा, पाय शेवटी. घाईने आधी गुडघा टाकला की होडी परत अंगावर येते. हे जमल्याशिवाय उघड्या खाडीत जाऊ नये.

प्रवाह असेल तर आधी प्रवाहाविरुद्ध जा आणि दमल्यावर प्रवाहाबरोबर परत या. खाली जाऊन परत वर यायचंच असेल तर वेळेचा एक तृतीयांश जाताना आणि दोन तृतीयांश येताना धरा. वाऱ्याला हाच हिशेब. आणि कुठून निघालो, किती वाजता परतणार, हे किनाऱ्यावरच्या एका माणसाला सांगून ठेवा. एव्हरग्लेड्सच्या बऱ्याच भागात फोन लागत नाही.

लाटेनंतरचे दोन दिवस: झरे

मॅनेटी ही आपल्या मन्नारच्या आखातातल्या डुगाँगची, म्हणजे समुद्रगाईची, नातेवाईक. डुगाँगची शेपटी देवमाशासारखी दुभंगलेली असते, मॅनेटीची गोल, पोळपाटासारखी. लांबी तीन मीटर, वजन साडेचारशे किलोच्या आसपास, आणि एवढं अंग असूनही चरबीचं आवरण पातळ. 68 अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे 20 सेल्सिअसच्या खालच्या पाण्यात ती फार दिवस तग धरत नाही. जमिनीखालून येणाऱ्या झऱ्यांचं पाणी मात्र बारा महिने 72 अंशांच्या आसपास, म्हणजे 22 सेल्सिअस असतं. म्हणून समुद्र गार पडला की त्या नद्यांतून वर झऱ्यांकडे येतात. ऊब परतली की चरायला बाहेर पांगतात. लाटेमागचे दोन दिवस निवडायचे ते यासाठी.

कयाकमधून बघायला क्रिस्टल रिव्हर गावातली किंग्ज बे सर्वांत सोयीची. या छोट्या उपसागरात सत्तरहून अधिक झरे आहेत, आणि 1983 पासून इथे राष्ट्रीय वन्यजीव आश्रय आहे. हंटर स्प्रिंग्ज पार्कमधून उजाडताच उतरा. नऊनंतर पर्यटकांच्या मोटरबोटी येतात आणि तळाचा गाळ ढवळून पाणी दुधाळ होतं. 15 नोव्हेंबर ते 31 मार्च या काळात थ्री सिस्टर्स झऱ्यात कुठल्याही होडीला, कयाकलाही, प्रवेश नाही. त्याच काळात बोया आणि दोर लावून काही भाग माणसांना पूर्ण बंद ठेवतात. दोराच्या बाहेर थांबा. मॅनेटी आतबाहेर करतच असतात. थ्री सिस्टर्सचा आतला भाग बघायचा तर तिकीट काढून काठावरच्या लाकडी पदपथावरून बघा. कडाक्याच्या सकाळी तिथून वल्हवण्यापेक्षा जास्त दिसतं, हे कयाकप्रेमींनीही मान्य करायला हरकत नाही.

पाण्यावर मॅनेटी ओळखायची ती तिच्या ‘पाउलखुणे’वरून. शेपटीच्या फटकाऱ्याने पृष्ठभागावर तेल सांडल्यासारखी गुळगुळीत वर्तुळं उमटतात, एकापुढे एक. शेवटच्या वर्तुळाच्या थोडं पुढे नाकपुड्या वर येतात आणि फुस्स असा श्वास ऐकू येतो. हिंडताना दर तीन ते पाच मिनिटांनी ती श्वास घेते, झोपलेली असेल तर वीस मिनिटांपर्यंत खाली राहू शकते. वर्तुळं दिसली की वल्हं मांडीवर आडवं ठेवा आणि तरंगत राहा. तिच्या मागे जाऊ नका, तिच्या वाटेच्या कडेला थांबा. कुतूहल वाटलं तर ती स्वतः येते, कधी होडीच्या तळाला पाठही घासते. तेव्हा हात कडांवर, अंग सैल, बूड घट्ट. वल्हं तळावर आपटलं की मात्र ती दचकून उसळते, आणि साडेचारशे किलोच्या उसळीपुढे कयाक टिकत नाही.

स्पर्श, पाठलाग, खाऊ घालणं, नळीने गोडं पाणी पाजणं, आई आणि पिलाच्या मधे शिरणं, सगळं गुन्हा आहे. संघराज्याच्या कायद्याखाली दंड 50,000 डॉलरपर्यंत जाऊ शकतो. खाऊ घालू नये याचं खरं कारण दंड नाही. होडीतून खायला मिळतं हे शिकलेली मॅनेटी मोटरबोटींजवळही जाते, आणि पंख्याचे वळ अंगावर नसलेली मोठी मॅनेटी आधीच दुर्मीळ आहे.

किंग्ज बेपासून गाडीने दोन-अडीच तासांवर ऑरेंज सिटीजवळ ब्लू स्प्रिंग आहे. 1970 च्या सुमारास तिथे मोजून 11 मॅनेटी होत्या, 21 जानेवारी 2024 ला एका दिवसात 932 मोजल्या गेल्या. हिवाळ्यात तो प्रवाह पोहणं आणि वल्हवणं दोन्हीला बंद. काठावरून बघा आणि कयाक बाहेर सेंट जॉन्स नदीत घाला. थंडीच्या सकाळी गाड्यांची जागा भरली की उद्यानाचं फाटक बंद करतात, तेव्हा आठला फाटक उघडायच्या आधी रांगेत असा.

ओकालाजवळची सिल्व्हर रिव्हर वेगळ्याच कारणाने बघण्यासारखी. पाणी आरशासारखं, तळावर कासवं, आणि झाडांवर चक्क रीसस माकडं. 1930 च्या दशकात सफारीचा धंदा करणाऱ्या एकाने पर्यटकांसाठी ती नदीतल्या एका बेटावर सोडली. माकडं पोहतात हे त्याला ठाऊक नव्हतं. उत्तर भारतातल्या देवळांत ज्यांना आपण हातचे चणे हिसकावू देतो तीच ही. पण इथल्या टोळ्यांत हर्पीस-बी हा माणसाला घातक ठरू शकणारा विषाणू आढळला आहे, आणि त्यांना खाऊ घालणं 2018 पासून बेकायदा आहे. फांद्यांखाली होडी लावून थांबू नका.

वारा पडल्यावर: एव्हरग्लेड्स

6 डिसेंबर 1947 ला खुलं झालेलं हे राष्ट्रीय उद्यान उन्हाळ्यात डास आणि वादळांचं, हिवाळ्यात पक्ष्यांचं. नोव्हेंबरपासून पाणी आटत जातं, मासे डबक्यांत गोळा होतात आणि पक्षी त्यांच्यावर. फेब्रुवारी-मार्च सर्वांत चांगला. एप्रिलपर्यंत काही मार्ग वल्हवता येणार नाहीत इतके उथळ होतात.

प्रवेश गाडीमागे 35 डॉलर, सात दिवसांसाठी. 2026 पासून ज्या 11 राष्ट्रीय उद्यानांत अमेरिकेत न राहणाऱ्या 16 वर्षांवरच्या पाहुण्यांना माणशी 100 डॉलर जादा पडतात, त्यांत एव्हरग्लेड्स आहे. आईबाबा भारतातून आले असतील तर हा हिशेब आधी करा. झऱ्यांच्या राज्य उद्यानांना हा अधिभार नाही.

पहिल्या फेरीसाठी नाइन माइल पाँड. 5.2 मैलांचा वळसा, आकडे लिहिलेल्या पांढऱ्या खांबांनी आखलेला, चार-पाच तासांचा. नियम एकच: पुढचा खांब दिसल्याशिवाय हातातला सोडायचा नाही. गवताचा आणि खारफुटीचा चक्रव्यूह सगळीकडे सारखा दिसतो, आणि ‘सरळ गेलं की लागेल’ असं म्हणून निघालेल्यांनाच शोधायला रेंजर येतात. जाण्याच्या दिवशी पाण्याची पातळी रेंजरला विचारा.

टर्नर रिव्हर खारफुटीच्या बोगद्यांसाठी प्रसिद्ध. बोगद्यात पूर्ण वल्हं फिरत नाही, तेव्हा ते मधून सोडवून अर्ध्या वल्ह्याने चालवा. फांद्या धरून पुढे सरकण्याचा मोह होतो, पण त्यांत कोळी आणि गांधीलमाश्यांची पोळी असतात. टेन थाउजंड आयलंड्सच्या उघड्या पाण्यात मात्र भरतीचं वेळापत्रक पाठ करून, जमल्यास ओहोटीबरोबर बाहेर आणि भरतीबरोबर आत. मुक्काम करणाऱ्यांनी पाणी माणशी रोज एक गॅलन कडक डब्यांत न्यावं. तिथले रॅकून मऊ बाटल्या फोडून गोडं पाणी पितात.

सांगलीच्या कृष्णेतल्या किंवा चिपळूणच्या वाशिष्ठीतल्या मगरी पाहिलेल्यांची इथे हमखास गल्लत होते. आपल्या मगरीचा जबडा रुंद, अ‍ॅलिगेटरचाही रुंद, म्हणून सगळे अ‍ॅलिगेटर ‘मगर’ वाटतात. इथली खरी मगर अरुंद जबड्याची आणि राखी-हिरवट असते. तोंड मिटलं तरी तिचा खालचा चौथा दात बाहेर दिसतो, काळपट अ‍ॅलिगेटरचा दिसत नाही. दोन्ही जंगलात एकत्र राहतात अशी जगातली जागा दक्षिण फ्लोरिडाच. फ्लेमिंगोच्या धक्क्यावर मगरी सहज दिसतात.

पाण्यावर फक्त डोकं दिसत असेल तर डोळ्यापासून नाकपुडीपर्यंतचं अंतर इंचांत मोजा, साधारण तितके फूट लांबी. 70 अंशांखाली अ‍ॅलिगेटरचं खाणं मंदावतं, 55 खाली तो जवळजवळ निपचित असतो. तरी अंतर किमान 15 फूट, आणि खारफुटीत शक्य तेवढं जास्त. अरुंद वाटेत आडवा असेल तर थांबा, वल्ह्याने होडीच्या कडेवर दोनदा टकटक करा, आणि तो हलला नाही तर मागे फिरा. त्याच्या वरून किंवा त्याच्या आणि पाण्याच्या मधून जाऊ नका. पिवळ्या पट्ट्यांची पिल्लं दिसली की आई जवळच आहे.

पक्ष्यांत ठाणे खाडीचे रोहित पाहिलेल्यांना सूचना: गुलाबी दिसला म्हणजे फ्लेमिंगो नव्हे. चोच चमच्यासारखी चपटी असेल तर तो गुलाबी चमचा, आणि दहातल्या नऊ वेळा तोच असतो. 2023 च्या ऑगस्टमधल्या इडालिया वादळाने मात्र खरे फ्लेमिंगोही आणून टाकले. पाणकावळा आणि अँहिंगा, म्हणजे आपल्या तिरंदाजाचा भाऊ, दोघेही पंख पसरून वाळत बसतात. पाणकावळ्याची चोच टोकाला वाकडी, अँहिंगाची सुरीसारखी सरळ. मोठे पांढरे पेलिकन हिवाळ्यातच येतात. ते बघायला सॅनिबल बेटावरचा डिंग डार्लिंग आश्रय आणि त्यालगतची टार्पन बे उथळ, शांत आणि घरच्या सगळ्यांना झेपणारी. तिथला वाहनमार्ग शुक्रवारी बंद असतो. वाळूच्या दांड्यावर बसलेल्या थव्याकडे सरळ होडी नेऊ नका. पक्षी माना वर करून एकाच दिशेला बघू लागले की तुम्ही जास्त जवळ आला आहात. पुढचं वल्हं मारलं की ते उडणार, आणि थंडीत उडण्यात त्यांची बरीच शक्ती वाया जाते.

मोटरबोटींच्या वाटेत उजव्या कडेने चला, ओलांडायची असेल तर काटकोनात आणि सगळ्या कयाक एकत्र. वाटेत जखमी किंवा मेलेली मॅनेटी दिसली तर राज्याच्या वन्यजीव खात्याला 888-404-3922 वर कळवा. जागा, वेळ, जनावर श्वास घेतंय का आणि एका बाजूला कलंडलंय का, एवढं सांगितलं की पुरतं. पाण्यावर अँटेना लावलेला एखादा नळकांड्यासारखा तरंगता तुकडा आपोआप सरकताना दिसला तर तो उचलू नका. दुसऱ्या टोकाला शेपटीच्या पट्ट्याला बांधलेली मॅनेटी असते, आणि तिचा माग उपग्रहावरून काढला जात असतो.